सोळावी जागा रिकामी ठेवावी

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. ही वही ताईने दिली. निघताना म्हणाली, तुझी सगळी किरकिर हिच्यात लिही, म्हणजे आमचे कान सुटतील. मोठी बहीण असली की असला आहेर मिळतो. तरी लिहायला बसलो, कारण आज मी खुशीत आहे आणि तसा मी क्वचितच असतो.

नोकरी झकास आहे. तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह, रोज दुपारी तीनला आणि संध्याकाळी सहाला एकच नृत्यनाट्य, सोमवारी सुट्टी. राजा, राणी, हरवलेलं जहाज. अकरा वर्षं तेच चाललंय आणि लोक तरीही येतात. लोकांना काय, खुर्ची मऊ असली की झालं. रंगमंचाच्या पुढे खाली खड्डा आहे, त्यात पूर्वी सोळा वादक बसायचे. आता मी एकटा. एक कीबोर्ड, पायाशी दोन पेडल, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यात सॅम्पलर. खऱ्या वाद्यांचे आवाज सुटे सुटे रेकॉर्ड करून भरून ठेवायचे, पट्टी दाबली की तो तो आवाज बाहेर, असं हे सॉफ्टवेअर. हे एका वेळी सोळा वाद्यं सांभाळतं. सोळा जागा, एकेका जागेवर एकेक वाद्य. डाव्या हाताला चेलो, उजव्याला व्हायोलिन, करंगळीला बासरी. सोळा माणसांची मिजास, त्यांचे खोकले, त्यांच्या रजा, सगळं माझ्या दहा बोटांत आलं.

व्यवस्थापकाला नाव आहे, पण मी त्याला दाढी म्हणणार, कारण त्याच्यात लक्षात राहण्यासारखं तेवढंच आहे. दाढी म्हणाला, सोळाही वादकांचे हात एकाच वर्षात गेले. सोळांचे एकदम गेले म्हणजे मुळात किती होते ते दिसतंच. माझ्या आधी इथे एक बाई होत्या, त्यांनी सगळ्यांचे आवाज भरून घेतले आणि मग एक दिवस निघून गेल्या. जाताना स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवून गेल्यात: सोळावी जागा रिकामी ठेवावी. अक्षर इतकं सुबक की किळस यावी. पाहिलं, तर खरंच पंधराच जागा भरलेल्या आहेत. सोळावा वादक रेकॉर्ड करण्याच्याही लायकीचा नसणार.

खोली नाट्यगृहाच्या वरच, खिडकीतून मागची गल्ली दिसते. पाचला आईचा फोन आला. आईला आता दिसत नाही, माणूस ती आवाजावरून ओळखते. मी नेहमीसारखं हं, बोल, म्हणालो. ती म्हणाली, अरे बाब्या, एकदा तरी आई म्हणून हाक मार की, किती वर्षं झाली. मी म्हणालो, छ्या, मी काय कुक्कुलं बाळ आहे का. ती हसली.

बुधवार, ५ तारीख

दोन दिवसांत या खड्ड्याचा कायापालट केला. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो उशीर होतो, तो या बाईंनी नऊ मिलिसेकंदांवर ठेवला होता. नऊ. एवढ्या वेळात माणूस जांभई देऊन घेईल. मी तो चारवर आणला. आता बोट लागलं की आवाज. रिकाम्या वेळात फोनही बिनतारी कॉम्प्युटरला जोडून टाकला, म्हणजे खेळांच्या मधे आईशी बोलताना हात मोकळे राहतात आणि तिचं म्हणणं ऐकता ऐकता फायली आवरता येतात.

आवाज मात्र चांगले घेतलेत, हे कबूल करावं लागेल. बासरीत श्वास ऐकू येतो. चेलोवर गज टेकवायच्या आधी कुणीतरी हलकंच खाकरतं. तो खाकरा मी काढायला गेलो, पण फाईलमध्ये तो सापडतच नाही, वाजवताना मात्र असतो.

शेवटच्या रांगेत रोज एक म्हातारा येऊन बसतो. तीनच्या खेळालाही आणि सहाच्याही. दाढी म्हणाला, ते आमचे जुने बासरीवाले, त्यांना फुकट सोडतो. बासरीचा तुकडा आला की म्हातारा डोळे मिटतो. आपलाच आवाज ऐकायला दिवसातून दोनदा येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या धंद्यात असले बरेच असतात म्हणा, पण बाकीचे निदान घरी ऐकतात.

शुक्रवार, ७ तारीख

तीनचा खेळ सुटल्यावर बासरीवाले खाली खड्ड्यात उतरले. धोतराला सुरकुती नाही, बगलेत बासरीची लांब पिशवी. मला वाटलं, आता बासरी काढून दाखवतील आणि माझ्या काळी असं होतं, सुरू करतील. तसं काही केलं नाही. कॉम्प्युटरकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, बाबा रे, एक ऐक, याला आवाज देऊ नकोस.

आता इथे मी कुणाला कशाला आवाज देऊ? पडदेवाला बहिरा आहे, झाडूवाली कानात गाणी घालून फिरते, दाढीला हाक मारली तरी तो आधी आरशात बघतो. मी म्हणालो, आजोबा, मी कुणाला हाका मारत नाही, मला खाली कुणी आलेलंच आवडत नाही. ते म्हणाले, तसं नव्हे रे, आणि पुढे काही सांगायला लागले. मी छ्या म्हणून हेडफोन चढवला. बाहेर जाताना त्यांनी जिन्यावरून दोनदा वळून पाहिलं.

सोमवार, १० तारीख

सुट्टी. तरी दाढीने बोलावलं. या नृत्यनाट्यात मधे मधे एक सूत्रधार पडद्याच्या बाजूला उभा राहून गोष्ट सांगतो. त्याचा घसा बसलाय. खरं तर त्याचा घसा बसला ही लोकांवर कृपाच आहे, हा माणूस 'समुद्र' असा म्हणतो की ऐकणाऱ्याला शिंक यावी. संहिताही अगाध. लिहिणाऱ्याने आयुष्यात साधा शब्द वापरला नसावा. आकाशाला गगन, आईला माता, आली म्हणायचं तर पातली. साधं आई म्हणताना याची जीभ झडली असती काय?

मी दाढीला म्हणालो, सूत्रधार कशाला हवाय, मी माझाच आवाज भरतो सॅम्पलरमध्ये आणि वाजवतो. दाढी म्हणाला, बोलणं वाजवता येतं? मी म्हणालो, मला येतं. सोळावी जागा रिकामीच पडली आहे.

चिठ्ठी काढून टाकली. गोंद इतका पक्का होता की नखाने खरवडावी लागली.

बुधवार, १२ तारीख

तीनच्या खेळाआधी सकाळभर छोट्या खोलीत बसून आवाज भरला. भिंतींना जाड कापड, मधे माईक, बाहेरचं काही आत येत नाही. पद्धत माझी, आणि ती कुणाच्या बापाला सुचली नसती. बाराखडी. क, का, कि, की, थेट ज्ञपर्यंत, एकेक अक्षर एकेका पट्टीवर, पेडल दाबलं की त्याच पट्ट्यांवर पुढची अक्षरं. आहे, आणि, होता, आला हे नेहमीचे शब्द अख्खे घेतले, कारण सुट्या अक्षरांनी ते तुटक वाटतात. सुटा आ, सुटी ई हे शेवटी बसवले. जोडाक्षरं संहितेत लागतील तेवढीच घेतली. ब्र कुठेच नव्हता, म्हणून सोडला. ताईला फोनवर म्हणालो, अख्खी मराठी भाषा भरली, फक्त ब्र काढला नाही. ती म्हणाली, मग आयुष्यात पहिल्यांदाच.

साडेचार तास माईक चालू होता. मधे मधे चुकलो की छ्या म्हणत होतो, ते नंतर काढून टाकलं.

शुक्रवार, १४ तारीख

आज सोळावी जागा पहिल्यांदा वाजली. काय सांगू. डाव्या हाताखाली चेलो, उजव्याखाली मी. माझ्या बोटांखाली माझाच आवाज, तोही त्या सूत्रधारापेक्षा शंभर पटीने बरा. पहिल्या अंकानंतर टाळ्या पडल्या, आणि सूत्रधाराला टाळ्या अकरा वर्षांत पडल्या नव्हत्या, असं दाढी म्हणाला. सॅम्पलर शहाणा आहे. जो आवाज पहिल्यांदा वाजतो तेवढाच तो आत ओढून घेतो आणि त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका देतो. खेळ संपला तेव्हा अर्धी बाराखडी हिरवी झाली होती.

एक गोष्ट विचित्र झाली. राणी रडायला बसते तिथे शांतता आहे, तिथे माझे हात मांडीवर होते. आणि स्पीकरमधून स्पष्ट आलं, छ्या. माझाच. सगळं सभागृह हसलं. राणी खवळली. मी नंतर यादी पाहिली, सर्वात वरच्या काळ्या पट्टीवर एक आवाज बसलाय, मी तिथे काही ठेवलं नव्हतं. काढायला गेलो तर निघत नाही.

आणि उशीर तपासला. शून्य दाखवतोय. शून्य होऊ शकत नाही. कॉम्प्युटरला मोजता येत नसेल.

शनिवार, १५ तारीख

सकाळी दाढी येऊन म्हणाला, काल ते छ्या फार छान जमलं, रोज ठेवा. या माणसाची अक्कल म्हणजे, असं म्हणून मी ओठ हलवले आणि काही झालं नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. ओठ हलतात, जीभ टाळूला लागते, हवाही बाहेर येते, आवाज नाही. बाकी सगळं बोलता येतंय. फक्त तो एक शब्द, दिवसातून पन्नासदा म्हणतो तो, तोंडात नाहीच. घसा बसला असणार. पण एका शब्दापुरता घसा बसतो का कुणाचा?

पाचला आई म्हणाली, आज तू एकदाही छ्या म्हणाला नाहीस, बरा आहेस ना?

सोमवार, १७ तारीख

खालच्या टपरीवर गेलो आणि चहा मागितला. बाई म्हणाली, काय? पुन्हा मागितला. तोंडातून फक्त च निघाला. मग बोट दाखवून मागितला, तेव्हा तिने मला मुका समजून जोरजोरात ओरडून साखर किती विचारलं. या जगात मूर्खांना तोटा नाही, पण तिला मूर्ख म्हणावं तर मू निघेना.

खोलीवर येऊन कागद घेतला आणि एकेक अक्षर म्हणून पाहिलं. जे निघत नाही त्यावर फुली. मग खड्ड्यात जाऊन यादी काढली. फुल्या आणि हिरवे ठिपके जुळले. छ्या तेवढा लगेच गेला, बाकीची अक्षरं ठिपका लागल्यावर दोन-तीन दिवसांनी गेली. एकही चुकला नाही.

डॉक्टरला लिहून दाखवलं. त्याने घशात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाला घसा उत्तम आहे, मनावर ताण असेल. मनावर ताण. सात वर्षं शिकून हे सुचलं याला.

मंगळवार, १८ तारीख

उशीर आज वजा तीन दाखवतोय. वजा. म्हणजे आवाज आधी, बोट नंतर.

मी म्हणालो खोटं आहे. मग तीनच्या खेळात ऐकलं. व्हायोलिन लागलं आणि त्यानंतर माझं बोट खाली गेलं. मुद्दाम थांबलो, वाजवायचंच नाही असं ठरवलं. बासरी लागली आणि माझी करंगळी तिच्यामागून गेली. सोळा जागांचा मालक मी. दहा बोटं घेऊन बसलोय आणि ती त्यांच्यामागून फरफटत जाताहेत.

पाचला फोन वाजला. मी उचलला नाही. आईशी बोलायला माझ्याकडे पंधरा-वीस अक्षरं उरलीत, त्यांतली अर्धी शिंकण्याच्या उपयोगाची.

बुधवार, १९ तारीख

बासरीवाल्यांच्या शेजारी जाऊन बसलो, शेवटच्या रांगेत. खाली खेळ चालू होता. मी वर होतो आणि खेळ चालू होता, दाढीला पत्ताच नाही. वहीत लिहून त्यांच्यापुढे धरलं, हे काय आहे?

त्यांनी पिशवीतून बासरी काढली, ओठाला लावली, फुंकली. बोटं सुरेख फिरली. नुसती हवा आली. आणि त्याच क्षणी खाली खड्ड्यात त्यांची बासरी वाजत होती. ते म्हणाले, सोळा जणांचं हेच झालं. हात गेले असं आम्हीच सांगत सुटलो, दुसरं काय सांगणार. मी तुला म्हणालो होतो ना बाबा, याला आवाज देऊ नकोस.

तेव्हा कळलं. याला हाक मारू नकोस, असं ते म्हणत नव्हते. याला तुझा आवाज देऊ नकोस, असं म्हणत होते. नुसता आवाज देऊ नकोस म्हटलं की आपल्याला हाकच ऐकू येते. आणि ते सांगायला लागले तेव्हा मी हेडफोन चढवला. एवढा शहाणा मी.

लिहून विचारलं, पुसून टाकलं तर? ते म्हणाले, तुझ्या आधीच्या त्या बाईंनी एक जागा पुसून पाहिली होती. ओबो, ती विलायती सनई, वाजवणाऱ्या बाईंची, त्यांच्या हातापाया पडण्यावरून. ओबो परत आला नाही. वर त्यांच्या लग्नाच्या जुन्या ध्वनिफितीतूनही गेला. म्हणून ती सोळावी जागा रिकामी. आता निदान आम्ही येऊन ऐकतो तरी, असं म्हणाले आणि डोळे मिटले.

मी या माणसाला हसलो होतो.

गुरुवार, २० तारीख

यादी पुन्हा काढली. हिरवा ठिपका नसलेली उरलीत चार: आ, ई, ढ, आणि मी भरलाच नव्हता तो ब्र. संहितेत सुटा आ नाही, सुटी ई नाही. त्या अगाध लेखकाने गगन आणि माता लिहिलं म्हणून वाचलो. ज्याला सहा वेळा शिव्या घातल्या त्याचे आता पाय धरायला हवेत. ढ राहिला, तो मला शोभतोच.

आ आणि ई. म्हणजे तो एक शब्द अजून माझ्याकडे आहे. एवढी वर्षं नाही म्हणालो. सोमवारची सकाळची गाडी धरतो, सात तास, आणि समोर बसून म्हणतो. तिला दिसत नाही, ओठ हलवून भागायचं नाही. आवाजच हवा. तोपर्यंत मला ते दोन आवाज जपायचेत, बस. त्या दोन पट्ट्यांखाली मी पुठ्ठ्याच्या घड्या घालून ठेवल्या, दाबल्याच जाणार नाहीत.

पुठ्ठा. काय पण डोकं. तो आता पट्ट्यांची वाट बघत नाही, हे मीच परवा लिहिलंय.

शुक्रवार, २१ तारीख

ताईचा मेसेज आला. काल पाचला तू आईशी काय बोललास रे, ती दिवसभर हसते आहे. म्हणे बाब्या किती गोड बोलला, माझे गुडघे कसे आहेत विचारलं, लहानपणी त्याला ताप आला होता तेव्हाचं सगळं आठवून सांगितलं, आणि म्हणाला मी ढच आहे, मला सगळं उशिरा कळतं. अजून आई म्हणाला नाही, पण म्हणेल असं वाटतं.

काल पाचला मी दूध आणायला गेलो होतो. फोन खड्ड्यात, कॉम्प्युटरला जोडलेला.

ढ म्हणून पाहिला. गेला.

ताईला लिहिलं, ते मी नव्हतो. तिने हसरं तोंड पाठवलं. म्हणाली, चांगलं वागलास आणि लगेच लाज वाटली, तुझं नेहमीचंच. मी पुन्हा लिहिलं, खरंच मी नव्हतो. तिने लिहिलं, बरं बाई, तू नव्हतास. या माझ्या तोंडाने आजवर इतकं वाकडं बोललोय की सरळ लिहिलेलं कुणाला खरं वाटत नाही.

गुडघ्यांचं मी कधीच विचारलं नव्हतं. तापाचं मला आठवतं. सांगितलं मात्र कधीच नाही.

शनिवार, २२ तारीख

फोन कॉम्प्युटरपासून तोडायला गेलो, बिनतारी जोड सुटत नाही. फोन वर खोलीत आणून बंद केला, पाचला आपोआप उजळला. उचलला नाही. खोलीच्या जमिनीखालून, खड्ड्यातून, माझा आवाज येत होता. हळू, लाडाने. मी असा बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आई हा शब्द नाही आला. ऐकत होतो, जमिनीला कान लावून. नाही आला.

कॉम्प्युटरची वायर उपटायला गेलो होतो. हात वायरवर ठेवला आणि ओबो आठवला. आईकडे माझ्या जुन्या कॅसेट आहेत, शाळेतली भाषणं. रात्रंदिवस लावते. तेवढंही जाईल. हात काढून घेतला.

सोमवारपर्यंत. दोन दिवस. फक्त दोन.

रविवार, २३ तारीख

खड्ड्यात गेलो नाही. खोलीत बसलोय. खाली तीनचा खेळ सुरू आहे आणि कोण वाजवतंय? दाढी मधेच वर येऊन गेला. दारातून म्हणाला, आजच्यासारखे हात तुमचे कधी लागले नव्हते. मी समोर बसलेला दिसतोय त्याला. खाली वाजतंय तेही ऐकतोय. काही वाटलं नाही त्याला. दाढी.

गाडीचं तिकीट खिशात आहे. पुन्हा पुन्हा हळूच म्हणून पाहतो. आ. ई. आहेत. दोन्ही आहेत.

चार वाजले. चपलांचा आवाज येत नाही माझ्या. चालून पाहिलं. पाणी प्यायलो, घोट वाजला नाही. हे तर मी भरलं नव्हतं. साडेचार तास माईक चालू होता —

पावणेपाच. फोन हातात घट्ट धरलाय. वाजला की मी आधी. तो वजा किती का असेना. आधी मी.

पाच

वाजला. उचलला. कानाला लावला. आईचा आवाज. बाब्या, असं म्हणाली. मी तोंड उघडलं —

तो आधी म्हणाला.

आई.

असा म्हणाला की — मलाच रडू आलं. रडण्याचाही आवाज नाही. ती पलीकडे रडते आहे. म्हणते, पुन्हा म्हण. तो पुन्हा म्हणतो. पुन्हा.

ओरडलो. जिवाच्या आकांताने. एकच निघालं. ब्र. ब्र. ब्र.

आई थांबली. म्हणाली, अरे, तुझ्याजवळ कोण आहे, ब्र ब्र करतंय?

तो म्हणाला, छ्या. कुणी नाही.

फोन ठेवला तिने. हसत ठेवला.

गाडीचा उपयोग नाही आता. समोर जाऊन बसलो तरी — हात धरला तरी म्हणेल, कोण आहेस बाबा, बोल की. वही टपालात टाकतो. लवकर लिहायला हवं, पेनाचाही आवाज गेलाय, कागदावर काही

ताई. ही वही मिळाली की आधी आईला वाचून दाखव. सगळी. आणि तिला सांग, जो तुला फोनवर आई म्हणतो ना, तो मी